बारा-पंधरा वाक्यांची शिदोरी

आपल्या मुलांना भाषा येत नाही, असे शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मी अनेकदा ऐकले आहे. ज्या मुलाविषयी हे बोलले जाते त्याच्या दिवसाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. घरात तो अम्मी-अब्बांशी दखनी बोलतो. शाळेत इतिहास-भूगोलाची उत्तरे मराठीत लिहितो. संध्याकाळी मकतबमध्ये अरबी अक्षरांचे मखारिज गिरवतो, दीनियातची किताब उर्दूत वाचतो. आणि दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की एका उन्हाळ्यात त्याची सगळी पुस्तके इंग्रजी होऊन जातात. इतक्या भाषांमधून रोज ये-जा करणाऱ्याला भाषा येत नाही म्हणणे जरा धाडसाचेच आहे. त्याला येत नसते ती एकच गोष्ट : लोकांसमोर उभे राहून दहा मिनिटे इंग्रजीत एखादा विषय मांडणे. आणि ती येत नाही, कारण ती त्याला कोणी शिकवलेलीच नसते. आम्ही इंग्रजीचे शिक्षक काळ शिकवतो, प्रयोग बदलायला लावतो, निबंध लिहून घेतो. बोलता बोलता एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसे जायचे, अडकल्यावर काय म्हणायचे, प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर तोंड कसे उघडायचे, याला वर्गात तास मिळत नाही.

हे सगळे लिहायला निमित्त झाली माझी भाची. ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी तिच्या सेमिनारला ती उभी राहिली, दोन वाक्ये बोलली आणि तिसरे तिला आठवेना. समोरच्या एका शिक्षकांनी सगळ्या वर्गादेखत विचारले, इंग्रजी जमत नसेल तर ही लाइन घेतलीस कशाला? मुलगी घरी आली आणि चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, मला घरी बसून बी.ए. करायचे आहे. दुल्हेभाईंचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. फीसाठी बँकेचे कर्ज काढलेले. ते रागावले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत. दोन दिवसांत नात्यातून एक स्थळ सुचवून झाले, कारण मुलगी घरी बसणारच असेल तर मग उशीर कशाला, हा आपल्याकडचा सरळ हिशेब. बहिणीने कसेबसे ते वर्ष निभावून नेले. यंदा पुन्हा सेमिनार आला. तेव्हा प्रश्न पंचवीस गुणांपुरता राहिला नव्हता, हे घरात सगळ्यांना कळत होते, कोणी बोलत नव्हते इतकेच.

तिचा फोन आला तो असा : "खाला, मला पूर्ण भाषण इंग्रजीत लिहून द्या. मी पाठ करते. पाठांतर माझं पक्कं आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

पाठांतर पक्के होते, हे खरे. लहानपणी किरअतच्या स्पर्धेत तिला बक्षिसे मिळाली आहेत. तरीही मी भाषण लिहून दिले नाही. पाठ केलेल्या भाषणाची अडचण ही, की त्याची साखळी असते. एक कडी निसटली की पुढचे सगळे जाते. तरावीहमध्ये हाफिजसाहेब क्षणभर अडखळले तर मागच्या सफेतून कोणीतरी लुकमा देतो आणि किरअत पुढे चालू होते. सेमिनारमध्ये मागे कोणी नसते. तिथे आपला लुकमा आपणच आपल्याला द्यावा लागतो. म्हणून मी तिला म्हटले, "भाषण पाठ करू नकोस. बारा-पंधरा छोटी वाक्यं पाठ कर, जी कुठल्याही विषयाला चालतात. मधला मजकूर तुझा, तुला समजला असेल तसा, तुझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत. ही वाक्यं म्हणजे ओढ्यातले दगड समज. दगडावर पाय पक्का ठेवायचा, मधलं पाणी उडी मारून ओलांडायचं."

तिचा विषय होता ओआरएस. जुलाब झाल्यावर मेडिकलमधून पुडी आणून लिटरभर पाण्यात विरघळवून पाजतो तेच. विषय साधा वाटतो, पण फार मोठा आहे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, तेव्हा बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते लोकांना तोंडाने पाजायला सुरुवात केली, आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. मीठ आणि साखर एकत्र असली की लहान आतडे दोघांना जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. कॉलऱ्यातही हा रस्ता बंद होत नाही. एवढ्या एका गोष्टीवर ते सारे उभे आहे. भाची हे मला फोनवर दखनीत इतके सुरेख समजावून सांगत होती की मी मध्येच म्हटले, "बघ, प्रेझेंटेशन तर झालंच तुझं. आता फक्त कपडे बदलायचेत."

सुरुवातीवर आम्ही फार वेळ घालवला नाही. वक्तृत्व स्पर्धेची सवय असलेली मुले 'ऑनरेबल प्रिन्सिपल, रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स' अशी लांबलचक सलामी देतात. सेमिनारला ती नको. 'गुड मॉर्निंग, एव्हरीवन' पुरते. बिस्मिल्लाह मनात. मग नाव. इथे आपल्याकडच्या निम्म्या मुलांचा पाय घसरतो, कारण ती 'मायसेल्फ अमुक' म्हणतात. इंग्रजीत ओळख करून देताना 'मायसेल्फ' येत नाही. 'आय ॲम' म्हणावे आणि नाव सांगावे. पुढचे वाक्य : 'टुडे आय ॲम गोइंग टू टॉक अबाउट ओआरएस.' यात 'टॉक'नंतर 'अबाउट' हवे. पण 'डिस्कस' वापरले तर 'अबाउट' नको. आपण 'विषयी चर्चा' म्हणतो म्हणून ते 'विषयी' इंग्रजीतही शिरते. भाचीला मी सांगितले, डिस्कसच्या वाटेला जाऊच नकोस, टॉक अबाउट धरून ठेव. जिथे चूक होण्याची खात्री आहे तो शब्द टाळणे हीसुद्धा भाषा येण्याचीच खूण आहे.

त्यानंतर ऐकणाऱ्याच्या हातात नकाशा द्यायचा : 'आय हॅव डिव्हायडेड माय टॉक इन्टू थ्री पार्ट्स.' मी भाषणाचे तीन भाग केले आहेत. मग ते तीन भाग एकेका शब्दात. हे ऐकून ती हसली. म्हणाली, "खाला, हे तर जुम्याच्या खुतब्यासारखं झालं."

मला ते फार आवडले, कारण माझ्या डोक्यात ते कधी आले नव्हते. खुतब्यात अल्लाहची हम्द होते, दरूद होते, आणि मग खतीबसाहेब म्हणतात, 'अम्मा बाद'. अरबी न समजणारा माणूससुद्धा त्या दोन शब्दांवर सावरून बसतो, कारण त्याला कळते की प्रस्तावना संपली, आता मुद्दा. मधे खतीबसाहेब क्षणभर बसतात तेव्हा कळते, पहिला भाग झाला. म्हणजे ऐकणाऱ्याला वाट दाखवत न्यायचे, हे आपल्याला दर आठवड्याला ऐकायला मिळते. इंग्रजीतली 'लेट मी बिगिन विथ', 'नाउ लेट अस मूव्ह ऑन टू', 'धिस ब्रिंग्ज मी टू माय नेक्स्ट पॉइंट' ही सगळी अम्माबादचीच भावंडे. त्यांना स्वतःचा काही अर्थ नसतो. ती फक्त सांगतात की आता गाडी वळते आहे, धरून बसा. नवशिक्या माणसाला वाटते की अशी वाक्ये म्हणजे भरताड. मला वाटते, न येणाऱ्या भाषेत बोलताना त्यांचा आधार सर्वांत मोठा. ती म्हणायला तीन सेकंद लागतात आणि त्या तीन सेकंदांत पुढचा मुद्दा आठवतो.

हदीसच्या पुस्तकांत बोलण्याविषयी जे आले आहे तेही त्या निमित्ताने आम्ही फोनवर आठवले. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) इतके सावकाश आणि स्पष्ट बोलत की कोणी शब्द मोजायचे म्हटले तर मोजता येत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. महत्त्वाची गोष्ट समजावी म्हणून ते ती तीनदा सांगत. आणि नमाज दीर्घ, खुतबा थोडका, ही माणसाच्या समजूतदारपणाची खूण असल्याचे हजरत अम्मार (रजि.) यांची रिवायत सांगते. आपल्याकडच्या काही जलशांतील वक्त्यांनी ती पुन्हा एकदा वाचावी असे कधीकधी मनात येते, पण ते जाऊ द्या.

वेग हीच भाचीची खरी अडचण होती. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, आणि इंग्रजी भरभर बोलले की आपल्याच जिभेला आपण सापडत नाही. पहिल्या सरावात दहा मिनिटांचा मजकूर तिने सव्वाचार मिनिटांत संपवला. मी 'हळू बोल' असे चारदा सांगितले, चारही वेळा फुकट गेले. मग उपाय तिनेच काढला. मुसहफमध्ये थांबण्याच्या खुणा असतात : मीम असेल तिथे थांबलेच पाहिजे, जीम असेल तिथे थांबले तरी चालते, लाम-अलिफ असेल तिथे थांबू नये. तिने लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे केले, त्यांवर मुद्दे लिहिले आणि मध्ये मध्ये लाल पेनने मीम, जीम, ला अशा खुणा घातल्या. 'ॲज यू कॅन सी फ्रॉम धिस टेबल' यानंतर मीम, कारण ऐकणाऱ्याला तक्ता बघायला वेळ हवा. 'सोडियम' आणि 'क्लोराइड' यांच्यामध्ये ला. लहानपणी वकफ पाळायची सवय जिभेला होतीच, ती कामी आली. पुढच्या सरावाला साडेआठ मिनिटे लागली. इंग्रजीच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला हे सुचले नसते.

तक्त्यापाशी मात्र आम्ही दोन संध्याकाळी अडकलो. आकडे इंग्रजीत बोलणे हे वाटते त्याहून अवघड आहे. आपण मराठीत पंचेचाळीस म्हणतो, दखनीत पैंतालीस; दोन्हींत पाच आधी, चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी, पाच नंतर. घाईत डोके मराठी क्रमाने चालते आणि 45 चे तोंडातून 54 होऊन बाहेर पडते. तिचे दोनदा झाले. म्हणून पुठ्ठ्यावर आकडे अंकांत न लिहिता शब्दांत लिहायला लावले : 'टू हंड्रेड अँड फॉर्टी-फाइव्ह'. दशांश चिन्हानंतरचे आकडे एकेक वाचायचे, 13.5 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे 'थर्टीन पॉइंट फाइव्ह', आणि 2.6 ग्रॅम मीठ म्हणजे 'टू पॉइंट सिक्स'.

दुसरी गाठ होती 'टू' आणि 'बाय' यांची. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2002 साली ओआरएसचे सूत्र बदलले. द्रावणाची ऑस्मोलॅरिटी 311 वरून 245 वर आणली, सोडियम 90 वरून 75 मिलिमोलवर. 'इट केम डाउन फ्रॉम 311 टू 245' म्हणजे 311 वरून 245 पर्यंत आली. 'इट केम डाउन बाय 66' म्हणजे 66 ने कमी झाली. 'केम डाउन बाय 245' म्हटले तर उरली फक्त 66, आणि समोर बसलेला फार्मसीचा प्राध्यापक ताडकन उठेल. मराठीत 'वर' आणि 'ने' हे प्रत्यय जे काम करतात तेच इंग्रजीत हे दोन टीचभर शब्द करतात. औषधाच्या विषयात ही नुसती व्याकरणाची चूक राहात नाही. दुल्हेभाई बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, टायरची हवा 10 ने कमी कर आणि 10 वर आण, यात जेवढा फरक आहे तेवढाच ना? तेवढाच.

आता अडकल्यावरची वाक्ये. मला विचाराल तर बाकीची सारी विसरली तरी चालतील, ही चार पाठ हवीत. शब्द सापडत नसेल तेव्हा : 'लेट मी पुट इट अनदर वे', म्हणजे हेच वेगळ्या शब्दांत सांगते. वाक्य मध्येच फसले तर : 'सॉरी, लेट मी स्टार्ट दॅट अगेन'. पुढचे काहीच आठवेना तर : 'लेट मी जस्ट चेक माय नोट्स', आणि खरोखर खाली पाहून पुठ्ठा वाचायचा, निवांत. विषय भरकटला तर : 'कमिंग बॅक टू माय पॉइंट'. ही वाक्ये ऐकणाऱ्याला अपयश वाटत नाहीत. उलट मोठमोठे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ परिषदांमध्ये ती सर्रास वापरतात. गप्प उभे राहिलेल्या मुलीकडे सगळे पाहतात. 'लेट मी चेक माय नोट्स' म्हणून पुठ्ठा पाहणाऱ्या मुलीकडे कोणी लक्षही देत नाही. दुसऱ्या वर्षी तिच्याकडे हे एक वाक्य असते तर तो सगळा प्रसंगच टळला असता. आम्ही या वाक्यांचा वेगळा सराव केला. ती बोलत असताना मी मुद्दाम मध्येच टाळी वाजवायची, आणि टाळी वाजली की तिने हातातला मुद्दा सोडून यांतले एक वाक्य म्हणून पुन्हा सुरुवात करायची. पहिल्या दिवशी टाळीला ती रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ टाळ्या वाजवून थकला.

प्रश्नांची भीती तर वेगळीच. प्रश्न कळला नाही तर निमूट मान हलवायची, ही आपली सवय. मोठ्या माणसाला पुन्हा विचारणे आपल्याला बेअदबी वाटते. तिला सांगितले, 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?' यात बेअदबी नाही, अदबच आहे. 'कुड' आणि 'प्लीज' त्यासाठीच घातले आहेत. 'व्हॉट?' म्हणू नये. नुसते 'पार्डन?' चालेल. प्रश्न कळल्यासारखा वाटतो आहे पण खात्री नाही, तेव्हा : 'इफ आय अंडरस्टुड यू करेक्टली, यू आर आस्किंग…' आणि प्रश्न आपल्या शब्दांत परत मांडायचा. यात दोन फायदे आहेत. चुकीच्या प्रश्नाला उत्तर दिले जात नाही, आणि विचार करायला वेळ मिळतो.

आणि उत्तर ठाऊकच नसेल तर? 'आय ॲम अफ्रेड आय डोन्ट हॅव दॅट फिगर विथ मी. आय विल चेक अँड गेट बॅक टू यू.' हे ऐकून भाची थांबली. "खाला, इतके दिवस भीती लपवायला शिकवताय, आणि आता सगळ्यांसमोर आय ॲम अफ्रेड म्हणू?"

शब्दकोशात अफ्रेडचा अर्थ भ्यालेला असाच आहे, तिचे चुकत नव्हते. पण या जागी त्याचा भीतीशी संबंध उरलेला नाही. आपण मराठीत 'क्षमा असावी, पण' म्हणतो, उर्दूत 'माफ कीजिए' म्हणतो, तसे नकार मऊ करणारे ते शब्द आहेत. नकार थेट न देता कापसात गुंडाळून देण्याची इंग्रजांची ही रीत; आपल्याला ती परकी वाटू नये, आपणही 'नाही' क्वचितच सरळ म्हणतो. दुसरे वाक्य मात्र नीट समजून घ्यायला हवे. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे उत्तर शोधून तुमच्याकडे परत येईन. लोक ते सुटका करून घ्यायला वापरतात. आपल्या दृष्टीने तो वादा आहे, आणि वादा केला की पाळायचा.

या सगळ्या सरावात एका गोष्टीने तिला जो धीर आला तो माझ्या कुठल्याच वाक्याने आला नाही. सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अलै.) यांची दुआ आहे : छाती मोकळी कर, काम सोपे कर, जिभेची गाठ सोड, म्हणजे लोकांना माझे बोलणे समजेल. परीक्षेला जाताना आपण ती म्हणतोच. पण त्यापुढचा भाग लक्षात घेतला जात नाही. मूसा (अलै.) यांनी भाऊ हजरत हारून (अलै.) यांना मदतीला मागितले, आणि आपला भाऊ आपल्यापेक्षा स्पष्ट बोलतो हे सूरह कससमध्ये मोकळेपणाने सांगितले. फिरऔनसमोर उभे राहायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांना बोलण्याची अडचण होती, आणि ती सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. भाचीने हे तिच्या अम्मीला वाचून दाखवले. बहीण म्हणाली, मग तुझी खाला हारून. मी म्हटले, इतकी मोठी तुलना नको, मी आपली टाळ्या वाजवणारी.

एक बारीकशी गोष्ट स्कार्फ घेणाऱ्या मुलींसाठी. मोठ्या हॉलमध्ये कपड्याला चिमटीने लावायचा छोटा माइक देतात. तो स्कार्फच्या घडीवर किंवा खाली लावला तर कापड घासून खरखर येते आणि आवाज दबतो. स्कार्फची टोके आत खोचून माइक वरून, एप्रनच्या काठावर लावावा, आणि एक वाक्य बोलून विचारावे : 'कॅन एव्हरीवन हिअर मी?' हेही पंधरा वाक्यांतलेच एक. बोलायच्या आधीच समोरचे मान हलवून होकार देतात, आणि पहिला होकार मिळाला की पाय जरा कमी कापतात.

सेमिनारच्या दिवशी मी तिथे नव्हते. तिने संध्याकाळी सगळे सांगितले ते असे. सुरुवात बरी झाली. तिसऱ्या स्लाइडवर आतड्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने कसे जातात ते सांगताना 'ॲब्सॉर्प्शन' शब्द जिभेवर तीनदा फिरला आणि बाहेर येईना. ती म्हणाली, 'लेट मी पुट इट अनदर वे', आणि मग जे बोलली ते शाळकरी इंग्रजी होते : साखर दार उघडते, मीठ तिच्याबरोबर आत जाते, पाणी त्यांच्यामागे जाते. मागच्या बाकावरची मुले वर पाहायला लागली. आकडे नीट आले. बनगावच्या छावणीची गोष्ट तिने फार लांबवली, हे तिचे स्वतःचे मत. मला तसे वाटत नाही. शेवटी 'टु सम अप' म्हणून दोन वाक्ये, आणि 'थँक यू फॉर लिसनिंग'.

प्रश्न तीन आले. नुसते साखरेचे पाणी का चालत नाही, हा सोपा होता. दुसरा तिला ऐकूच आला नाही. तिने पुन्हा विचारायला लावला. तिसरा त्याच शिक्षकांनी विचारला, ज्यांनी मागच्या वर्षी लाइनविषयी विचारले होते : छावणीतले ते काम छापून कुठे आले, आणि कोणत्या वर्षी? तिला माहीत नव्हते. ती म्हणाली, 'आय ॲम अफ्रेड आय डोन्ट हॅव दॅट विथ मी, सर. आय विल चेक अँड गेट बॅक टू यू.' सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाला बोलावले.

पंचवीसपैकी सतरा गुण पडले. दुल्हेभाईंनी गॅरेजवरच्या पोरांना भजी खिलवली, कशासाठी ते सांगितले नाही.

शनिवार-रविवार ती ग्रंथालयात आणि मोबाइलवर शोधत बसली. डॉ. महालनबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो लेख 1973 साली जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नलमध्ये आला होता. 2022 साली त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले, हेही तिने त्याच चिठ्ठीवर खाली लिहून ठेवले. सोमवारी मधल्या सुट्टीत ती चिठ्ठी घेऊन सरांच्या केबिनपाशी गेली. सरांना त्यांचा प्रश्न आठवत नव्हता. तिने तो आठवून दिला, इंग्रजीत.